दुसरी वेलांटी

लंडनमधल्या हॅरोच्या मराठी मंडळाने शशिधर टिपणिसांवर त्यांच्या हयातीतच संगीतिका बसवायचं ठरवलं, तेव्हा टिपणिसांना खटकली ती हयातच. असा मान साधारणपणे माणूस गेल्यावर मिळतो. पण जोडीतला एक जण दोन वर्षांपूर्वी गेला होता, त्यामुळे मंडळाच्या दृष्टीने निम्मी अट पुरी झाली होती.

जोडी म्हणजे टिपणीस-घाटपांडे. शब्द टिपणिसांचे, चाल पुरुषोत्तम घाटपांड्याची. हॅरोच्या बाहेर ही जोडी कुणाला ठाऊक नव्हती. पण हॅरोत सत्तरच्या दशकापासून एकही डोहाळजेवण, मुंज किंवा निरोपसमारंभ त्यांच्या गाण्याशिवाय झालेला नव्हता. एका गृहस्थांना सहाव्या खेपेला ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं, त्यावरही या दोघांचं एक गाणं होतं आणि ते वाईट नव्हतं.

टिपणीस कौन्सिलच्या ऑफिसात होते. लोकांच्या अर्जांतल्या चुका काढणं हे त्यांचं काम होतं, आणि ऑफिस सुटल्यावर ते सुटत नसे. मराठी शुद्धलेखनाच्या बाबतीत तर ते हळवे होते. आपल्या आडनावातली दुसरी वेलांटी विभक्ती लागली की पहिली होते, टिपणीस पण टिपणिसांचा, याचा त्यांना मनापासून अभिमान होता. स्वतःचं कर्तृत्व असल्यासारखा.

पुरुषोत्तमचं उलट. तो वेम्बलीकडच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता आणि चाली त्याला ट्रेनमध्ये सुचत. सुचली की विसरू नये म्हणून तिच्यात तात्पुरते शब्द भरायचे, आणि हे शब्द म्हणजे मेट्रोपॉलिटन लाइनची स्टेशनं. नॉर्थ हॅरोला चढला की हॅरो ऑन द हिल, नॉर्थविक पार्क, प्रेस्टन रोड, वेम्बली पार्क. वेम्बली पार्कला सम यायची आणि तो उतरायचा. संध्याकाळी टिपणिसांना फोन करून तो ती स्टेशनं गाऊन दाखवी. मग टिपणीस एकेक स्टेशन उचलून त्या जागी शब्द ठेवत. सासरी निघालेल्या एका मुलीच्या गाण्यात बायका जिथे हमखास डोळे पुसत, तिथे मूळचं नॉर्थविक पार्क होतं.

चौऱ्याऐंशीच्या गणपतीत ही जोडी फुटली. त्यानंतर पुरुषोत्तम जाईपर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. एकाच मंडळाच्या जेवणात ते दोन टोकांना बसत, आणि कोशिंबिरीचं पातेलं मधून फिरे.

संगीतिका लिहिणारा अवधूत हा पुण्याचा मुलगा वर्क व्हिसावर मिल्टन कीन्सला आयटीत होता. त्याला जुन्या हॉलिवुडी म्युझिकल्सचं वेड. त्यांतला एक सिनेमा दोन खऱ्या गीतकार-संगीतकारांच्या आयुष्यावरचा होता, आणि त्याची डीव्हीडी त्यानं इतक्यांदा पाहिली होती की सगळ्याच जोड्यांचं आयुष्य तसंच असतं अशी त्याची समजूत झाली होती.

"काका, बेसिकली दोन मित्र भेटतात," टिपणिसांच्या बैठकीच्या खोलीत लॅपटॉप उघडून तो म्हणाला, "हिट होतात, भांडतात, एक जातो. मग दुसरा एकटा पियानोवर बसतो. पडदा."

"माझ्याकडे पियानो नाही."

"हार्मोनियम चालेल."

"मला वाजवता येत नाही. वाजवायचा तो."

"लांबून कळत नाही, काका. आता सांगा, भांडण कशावरून झालं?"

"वेलांटीवरून," टिपणीस म्हणाले.

अवधूतने टाइप करायचं थांबवलं. टिपणिसांनी मग सगळं नीट सांगितलं. जोडीचं सगळ्यांत गाजलेलं गाणं, जे हॅरोत अजून सगळे उभं राहून म्हणतात, त्याची पहिली ओळ 'दिन आपुले हे, उजळून आले'. दिन म्हणजे दिवस. पहिली वेलांटी, ऱ्हस्व. पुरुषोत्तमने चाल अशी बांधली की पहिलंच अक्षर लांब खेचलं जाई. 'दीन आपुले हे'. दीन म्हणजे दुबळे, गरीब, बिचारे. म्हणजे परदेशात घरं घेऊन, पोरांना शाळांत घालून, आता कुठे मान वर काढलेली माणसं उभी राहून स्वतःला बिचारे म्हणणार. टिपणिसांनी तालमीत त्याला दहादा सांगितलं. तो 'बरं' म्हणाला. आणि कार्यक्रमात सगळ्या हॉलसमोर, टिपणिसांकडे बघत, त्यानं ते अक्षर तालमीपेक्षाही लांबवलं.

"मग तुम्ही काय केलंत?"

"स्टेजवर गेलो आणि म्हटलं, ज्याला ऱ्हस्वदीर्घ कळत नाही त्यानं गाण्याच्या फंदात पडू नये."

"माइक चालू होता?"

"चालू होता."

अवधूत थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. टिपणिसांना वाटलं, पोराच्या मनाला लागलं. पण तो नाटकाच्या अंकांची जुळणी करत होता.

"काका, राग मानू नका. पण वेलांटीवर इंटरव्हल होत नाही."

आठवड्याभरात त्याने उपाय शोधला, म्हणजे त्या सिनेमातून उचलला. उपायाचं नाव नीना. ही मुंबईहून आलेली नर्स. दोघांचंही तिच्यावर प्रेम, ती लग्न एकाशी करते. दुसरा तिच्यासाठी लिहिलेलं गाणं घेऊन निघून जातो आणि वीस वर्षांनी हॉस्पिटलात मित्राचा हात हातात घेतो.

"यात मी कोण?" टिपणिसांनी विचारलं.

"ज्याला ती मिळत नाही तो. त्याला सिंपथी जास्त असते."

"मी हॉस्पिटलात गेलो नव्हतो. क्रिमेटोरियमला मागच्या रांगेत उभा होतो."

"क्रिमेटोरियमला गाणं कसं टाकणार?"

टिपणिसांना हॉस्पिटलची फारशी फिकीर नव्हती. अडचण अशी होती की हॅरोत आकडेमोड सगळ्यांना येते. चौऱ्याऐंशीत पुरुषोत्तमचं लग्न होऊन बारा-चौदा वर्षं झाली होती. बायको वैजयंती ही खरोखर नर्स होती, आणि ती अजून नॉर्थ हॅरोत राहत होती. टिपणिसांची स्वतःची बायको सुप्रभा तेव्हा जिवंत होती, पूर्वी नावाची मुलगी प्रायमरीत होती. वैजयंतीचं नाव बदलून नीना ठेवल्याने कुणी फसणार नव्हतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हॅरोच्या सगळ्या किचन्समध्ये प्रेमवीर म्हणून फिरावं लागणार होतं, आणि तेही पुरुषोत्तमच्या बायकोच्या मागे.

त्यांनी अट घातली. नाटक हवं ते करा. शेवटी मला दोन मिनिटं माइक पाहिजे, मी खरं कारण सांगणार.

"एपिलॉग," अवधूत म्हणाला आणि खूष झाला. "ओरिजिनल आर्टिस्ट ऑन स्टेज. हे त्या सिनेमातसुद्धा नाही."

तालमी एका चर्चच्या हॉलमध्ये होत. 'दिन आपुले' गायला ईशानी होती, इथेच जन्मलेली, गळ्याने उत्तम. तिला देवनागरी येत नव्हतं म्हणून अवधूतने शब्द रोमनमध्ये काढून दिले होते. टिपणिसांनी तो कागद पाहिला आणि हवालदिल झाले. रोमन लिपीत वेलांटी नव्हतीच. पहिलीही नाही आणि दुसरीही नाही. ज्या एका अक्षरासाठी त्यांनी मित्र टाकला होता, तिथे एक इंग्रजी आय उभा होता, वर टिंब घेऊन.

"अंकल, पहिला ओळ बरोबर येतो ना?" ईशानीने विचारलं.

"पहिली ओळ. येते. फक्त ते अक्षर आखूड ठेव. दि. दिन."

तिने म्हणून दाखवलं. "असं?"

"आखूड."

"अंकल, मला दोन्ही सेमच ऐकू येतात. आणि इंग्लिशमध्ये 'डिन' म्हणजे गोंगाट. ते तरी नाही ना?"

"नाही," टिपणीस म्हणाले. "तो तिसरा अर्थ अजून कुणी काढला नव्हता."

नाटकाच्या आदल्या आठवड्यात ते वैजयंतीबाईंकडे गेले. पुरुषोत्तम गेल्यावर हे दुसऱ्यांदाच. हेतू चांगला होता. लोक काही बोलले तर घाबरू नका, शेवटी मी उठून सगळं साफ करणार आहे, एवढं त्यांना सांगायचं होतं. एका बाईची अब्रू वाचवायला आपण निघालो आहोत या विचाराने त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

वैजयंतीबाईंनी चहा टाकला, बिस्किटं काढली आणि सगळं ऐकून घेतलं.

"स्क्रिप्ट मी वाचलंय, भावजी. अवधूत आला होता."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"ते हॉस्पिटलात नर्सचा ड्रेस पांढरा लिहिला होता. आमचा निळा होता. तेवढा बदलायला सांगितला."

"वहिनी, लोक तुमच्या नावाला चिकटवतील."

"चिकटवू देत. आयुष्यभर माझ्यावरून दोन माणसं बोललीसुद्धा नाहीत, भांडायचं तर सोडाच. चार दिवस बोलतील, मग मंडळाच्या निवडणुका आहेत." त्यांनी कपात साखर ढवळली. "तुम्ही मात्र ते दोन मिनिटांचं करू नका."

"का? खरं ते—"

"तुम्हाला खरं कुठे माहीत आहे?"

चूक काढायची टिपणिसांना सवय होती, काढून घ्यायची नव्हती.

"चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये त्यांची नोकरी गेली," वैजयंतीबाई म्हणाल्या. "कारखान्यात निम्मं ड्रॉइंग ऑफिस काढलं. मला सांगितलं नाही. कुणालाच नाही. रोज डबा घेऊन वेळेवर निघायचे, वेळेवर यायचे. दिवाळीपर्यंत."

"तुम्हाला कसं कळलं?"

"शर्ट. शर्टाचे कफ पेन्सिलीने काळे व्हायचे, मी घासून थकायची. एकदम पांढरे यायला लागले. मी पण बोलले नाही. नाइट ड्युट्या वाढवून घेतल्या आणि म्हटलं, स्टाफ कमी आहे."

"पण रोज जायचा कुठे?"

"उलट्या दिशेला. अ‍ॅमरशॅमपर्यंत. गाडी तिथून पुढे जात नाही म्हणून उतरायचे आणि परत यायचे."

टिपणिसांच्या हातातला कप तसाच राहिला. 'दिन आपुले'ची चाल पुरुषोत्तमने फोनवर गाऊन दाखवली होती ती त्यांना आठवली, स्टेशनांसकट. त्यात प्रेस्टन रोड नव्हतं, वेम्बली पार्क नव्हतं. उलट्या वाटेवरचं पिनर होतं, मूर पार्क होतं, आणि त्या पहिल्या लांब अक्षराच्या जागी चॅलफंट होतं. चॅ खेचून. तेव्हा त्यांना वाटलं होतं, याला नवीन नाद सापडला. वेम्बलीला नोकरी करणारा माणूस चॅलफंटला काय करतो, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. ते मात्रा मोजत होते.

"गणपतीहून घरी आलो त्या दिवशी ते जेवले नाहीत," वैजयंतीबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, शशीभावजी एवढं सांगत होते तर म्हणायचं होतं आखूड. काय बिघडलं असतं? तर म्हणाले, शशीने आपले दिवस आले असं लिहिलंय. त्याचे आले असतील. मला तोंडातून काढवेना ते. मी दिवसांऐवजी दीन माणसं म्हटली."

"म्हणजे त्याला फरक कळत होता."

"भावजी, त्यांचे वडील पंतोजी होते."

बाहेर शेजाऱ्याने गवत कापायचं मशीन सुरू केलं आणि बंद केलं.

"मला त्याने एकदा सांगायचं होतं," टिपणीस म्हणाले.

"सांगणार होते. पण तुम्ही माइकवर बोललात. नंतर नोकरी लागली, वॉटफर्डला, कमी पगाराची. मग सांगण्यासारखं काही राहिलं नाही म्हणाले. आमच्या अजयला अजून माहीत नाही. तो त्याच्या कंपनीत लेक्चर देतो, माझ्या डॅडनी एक दिवस रिकामा काढला नाही म्हणून. त्याला नाही कळायला पाहिजे. तुम्ही वेलांटीचं सांगाल, लोक विचारतील, इतका मोठा चालकार, त्याला एवढं कळेना? मग एक तर ते अडाणी ठरतात, नाही तर मला उरलेलं सांगावं लागतं. त्यापेक्षा नीना बरी."

"वहिनी, पूर्वी येणार आहे बघायला."

वैजयंतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पूर्वी आणि अजय एकत्र वाढले होते. अजून दर रविवारी एकमेकांना फोन करत. एकीला सांगितलेलं दुसऱ्याला न कळण्याची सोय नव्हती.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मी मागते आहे ते थोडं नाही."

टिपणिसांनी शब्द दिला. शब्द देण्यात त्यांचा हात कधीच आखडता नव्हता.

नाटक जुलैतल्या एका रविवारी दुपारी एका शाळेच्या हॉलमध्ये झालं. हॉल सहापर्यंतच मिळाला होता, त्यामुळे हॉस्पिटलचा प्रवेश थोडा धावतच झाला. पण झाला. पुरुषोत्तम झालेला डेंटिस्ट मन लावून मेला, टिपणीस झालेल्या अकाउंटंटने त्याचा हात धरला आणि निळ्या ड्रेसमधली नीना मान वळवून उभी राहिली. बायकांनी डोळे पुसले. टिपणीस दुसऱ्या रांगेत पूर्वीच्या शेजारी बसले होते. सुरुवातीला ती त्यांच्या कोपराला हात लावून हसत होती. नीना आल्यावर तिने तो काढून घेतला. इंटरव्हलमध्ये मागच्या रांगेतली एक बाई दुसरीला म्हणाली, "तरीच कोशिंबीर मधून फिरायची." पूर्वीला मराठी लिहिता येत नव्हतं, ऐकायला चांगलं येत होतं.

शेवटी ईशानीने 'दिन आपुले' म्हटलं आणि हॉल उभा राहिला. तिने अक्षर आखूड ठेवलं की लांब, हे टिपणिसांना सांगता आलं असतं. पण त्यांनी कान दिला नाही.

मग अजय बोलला, सुटात, इंग्लिशमध्ये. डॅड रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, कधी चुकले नाहीत, मी जो काही आहे तो ते बघून. टाळ्या झाल्या. वैजयंतीबाई समोर बघत होत्या. मग अवधूतने माइक टिपणिसांच्या हातात दिला आणि कानात म्हणाला, "काका, दोनच मिनिटं, केअरटेकर दारात उभा आहे."

टिपणीस स्टेजवर उभे राहिले. त्यांना पूर्वी दिसत होती. ती त्यांच्याकडे बघत होती, थोडी पुढे झुकून. त्यांनी हे नाकारावं म्हणून वाट बघणाऱ्या माणसासारखी. एक वाक्य पुरलं असतं. ते त्यांनी महिनाभर घासूनपुसून तयार ठेवलं होतं.

"पुरुषोत्तमला शब्द कळत होते," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगले कळत होते. मी त्या वेळी जे बोललो ते चुकीचं होतं. बाकी अवधूतने दाखवलं तसंच."

लोकांना हे फार आवडलं. कवीने संगीतकाराला मोठेपणा दिला, असं सगळ्यांचं मत पडलं. पुढच्या बाकावरचे एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "बघ, कबूल केलं."

पूर्वी ऑप्टिशियन होती, क्रॉयडनला राहत होती. जाता जाता ती त्यांना घरी सोडणार होती. बाहेर लख्ख ऊन होतं. गाडीत बसल्यावर तिने पट्टा लावला, आरसा नीट केला आणि तरी गाडी सुरू केली नाही. लहानपणापासून ती त्यांना 'तू' म्हणे. 'तुम्ही'चं क्रियापद तिला कधी जमलं नव्हतं.

"बाबा, ती नीना म्हणजे वैजूकाकू आहे ना?"

"नाटक आहे ते."

"मी नाटकाचा विचारत नाही. तू स्टेजवर गेलास. तू म्हणू शकत होतास, इट्स नॉट ट्रू. तू म्हणालास, तसंच."

टिपणिसांनी आपल्या बाजूची काच खाली केली.

"मी सात वर्षांची होती तेव्हा. आपण सगळे त्यांच्याकडे जायचो. आई त्यांच्यासाठी पुरणपोळी करायची." तिचा आवाज शांत होता, पेशंटला चष्म्याचा नंबर वाढल्याचं सांगताना असेल तसा. "आईला माहीत होतं?"

सुप्रभाला वेलांटीचं माहीत होतं. तिने ते कधी गंभीरपणे घेतलं नव्हतं. फोनवर कुणी विचारलं की म्हणायची, आमच्याकडे अजून वेलांटीचं सुतक चालू आहे, आणि हसता हसता तिला ठसका लागायचा. टिपणिसांना त्या वेळी त्याचा राग यायचा. आता या क्षणी नाही म्हणावं, तर सुप्रभा फसवली गेली असं होत होतं. हो म्हणावं, तर तिने सगळं गिळलं असं. तिसरं, खरं उत्तर वैजयंतीबाईंकडे गहाण होतं.

"माहीत होतं," ते म्हणाले. "ती हसायची."

"हसायची?"

"हो."

पूर्वीने गाडी सुरू केली. एका सिग्नलला दिवा हिरवा झाला तरी ती थांबून राहिली, आणि मागच्याने हॉर्न दिला नाही, इथली पद्धत तशी नाही. घरासमोर तिने गाडी कडेला घेतली, पण इंजिन चालूच ठेवलं.

"चहा घेऊन जा," टिपणीस म्हणाले.

"उद्या क्लिनिक आहे." मग समोरच्या काचेकडे बघत तिने सावकाश, एकही चूक न करता एक पूर्ण मराठी वाक्य म्हटलं. "आई फार चांगली होती."

"होती," टिपणीस म्हणाले, आणि पट्टा काढायला लागले. त्यांना तो नेहमीच चटकन सापडत नसे. पूर्वी दर वेळी वाकून काढून द्यायची. या वेळी ती बसून राहिली, आणि त्यांनी तो स्वतःच शोधून काढला.